गवत राखलेल्या ओळी

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी बाईनं फार धीटपणा केला असं म्हणायला नको. मला पालीची भीती वाटते, विहिरीत वाकून बघायची भीती वाटते, फोन अवेळी वाजला की काळजात धस्स होतं. सासूबाई होत्या तोवर त्यांना याची मोठी गंमत वाटायची. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तुझ्या पाठी तर त्याचं सगळं खटलं लागलंय," म्हणायच्या. त्या गेल्या. माझे मालक अंबडला कंपनीत आहेत, तिथंच खोली करून राहतात आणि शनिवारी संध्याकाळी घरी येतात. मुलगी नाशिकला शिकते. म्हणजे चांदवडच्या अलीकडच्या आमच्या मळ्यात एरवी दोनच माणसं: मी आणि माझे सासरे. त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही म्हणते.

आमची द्राक्षाची बाग आहे. आणि त्या बागेत मी सरकारचा प्रयोग घेतला तोही भीतीपोटीच.

आदल्या वर्षी परतीच्या पावसात एका दुपारी आभाळ फाटलं. मी पडवीत उभी राहून बघत होते. वेलींच्या दोन ओळींमधून तांबडं पाणी धो धो वाहत रस्त्यावर चाललं होतं. पाऊस थांबल्यावर खालच्या अंगाला गेले तर वेलींच्या मुळ्या उघड्या पडलेल्या. आमची माती डांबरी रस्त्यावर पसरली होती आणि तिच्यावरून मोटारसायकली चालल्या होत्या. मी वेड्यासारखी घमेलं घेऊन ती माती भरून परत बागेत टाकत बसले. अंधार पडला तरी रस्त्याखालच्या मोरीतला गाळ संपला नाही. तेव्हा माझं धाबं दणाणलं. असे आणखी थोडे पाऊस झाले तर मुलीला दाखवायला काय उरणार, खडक?

त्याच हिवाळ्यात कृषी खात्याची बैठक झाली. गावाला नेमलेल्या कृषी सहायक मॅडम तरुण होत्या आणि समजेल असं बोलायच्या. माती आणि पाणी धरून ठेवायच्या नव्या पद्धती सरकारला शेतकऱ्यांच्या चालत्या शेतात करून बघायच्या होत्या. सरकारी फार्मवर सगळंच उगवतं, तुमच्याकडं काय होतं ते बघू, असं त्या म्हणाल्या. बियाणं, अवजार, माती तपासणी यासाठी अनुदान मिळणार होतं. अट एवढीच, की अर्धी बाग नेहमीसारखी ठेवायची आणि अर्ध्या बागेत सांगितलं तसंच करायचं, मधेच सोडायचं नाही. आमच्या वाट्याला आलेली पद्धत ऐकायला सोपी होती. दोन ओळींमधली जमीन उघडी ठेवायची नाही. पावसाळ्यात ताग, चवळी असं मिश्र पेरायचं आणि छाटणीच्या वेळी ते न उपटता, न जाळता, तिथंच आडवं पाडायचं. तणनाशक मारायचं नाही. जे गवत उगवेल ते राहू द्यायचं. मी हात वर केला. मग घरी येईपर्यंत मनात वाक्यं जुळवत राहिले, कारण नानांना सांगायचं होतं.

हे कळायला आमच्याकडची एक गोष्ट माहीत पाहिजे. आमच्या भागात बाग स्वच्छ असणं म्हणजे घर स्वच्छ असणं. गवताची काडी दिसली तर पोटात दुखतं माणसांच्या. सोयरीक घेऊन येणारा पाव्हणा चहाच्या आधी बागेत चक्कर मारतो आणि खाली बघत चालतो. नानांच्या बागेचं तर नाव होतं. ओळीत ताट मांडून जेवावं अशी त्यांची जमीन, असं लोक म्हणायचे आणि नाना ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

मी सांगितलं तेव्हा ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. आमच्यात सून सासऱ्यासमोर फार बोलत नाही, सासराही सुनेशी कामापुरतंच बोलतो. शेवटी म्हणाले, "सरकारनंच गवत वाढवायला सांगितलं?"

"हो."

"बरं," म्हणाले आणि उठून गेले.

पावसाळ्यात ताग कमरेला लागला. बघायला छान दिसायचं, पण मी आत पाय टाकत नव्हते. रस्त्यानं जाणारे लोक गाडी हळू करून बघायचे. पलीकडच्या मळ्यातले एक काका माझ्यासमोरच नानांना म्हणाले, "नाना, बाग सोडली का काय? सूनबाई लय शिकलेली म्हणायची." नाना हसले. त्यानंतर ते गावात जाताना रस्त्यानं न जाता मागच्या बांधानं जायला लागले. ते मला दिसत होतं.

दसऱ्यानंतर छाटणी झाली. ताग आडवा पाडला. ओळींमध्ये वाळलेल्या काड्यांची जाड गादी झाली आणि तिच्यातून हिरवं गवत वर आलं. रस्त्याकडच्या टोकाला तर ते गुडघ्याएवढं झालं. मी मुठीत माती उचलून बघितली तर ती ओलसर होती आणि तिच्यात गांडुळं होती. बागेत गांडूळ मी लग्न होऊन आल्यापासून बघितलं नव्हतं. मला आनंद झाला. गांडुळाची तेवढी मला भीती वाटत नाही.

मग फुटी काढायला बायका आल्या. छाटणीनंतर वेलीला नको तितके कोंब येतात, ते हातानं खुडावे लागतात. वेळेत खुडले नाहीत तर पुढं घड नीट येत नाही. ही टोळी सुरगाण्याकडची, दर वर्षी येणारी. त्यांच्यातली एक वयस्क बाई सगळ्यांच्या वतीनं बोलते. त्या दिवशी ती कामाला लागून घटकाही झाली नसेल तोच बाहेर आली. तिच्या हातात काडी होती आणि काडीवर कात लोंबत होती. चांगली हातभर, आख्खी, डोळ्यांच्या जागेसकट.

"बाय, आम्ही नाय जायाचं तठं," ती शांतपणे म्हणाली. "स्वच्छ बागंत करू. गवतात नाय."

माझी पाचावर धारण बसली. लांबड्याची भीती माझ्या सगळ्या भीतींची आई आहे. लहानपणापासून मी त्याचं नाव घेत नाही, जनावर म्हणते, आताही लिहिताना तेच म्हणणार आहे. पण अर्ध्या बागेच्या फुटी तशाच राहिल्या तर वर्षाचं पीक गेलं. आणि माझ्यामुळं दुसऱ्याच्या लेकीबाळींनी पाय आत टाकायचा, आणि मी बांधावर उभं राहायचं, हेही मला जमेना.

मी घरात गेले आणि मालकांचे कंपनीतले जुने बूट घातले. लोखंडी नाकाचे, जड, मला दोन बोटं मोठे. आणि ओळीत शिरले. पाय आपटत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. डोळे गवताकडं लावून चालत होते आणि प्रत्येक काडी मला हलताना दिसत होती. त्याच्या नावानं भुई धोपटणं म्हणतात ते मी शब्दशः करत होते. परत आले तेव्हा साडी घामानं अंगाला चिकटली होती. बायका माझ्या बुटांकडं बघून तोंडाला पदर लावून हसत होत्या. म्हातारी म्हणाली, "चल गं, बायच पुढं हाय." आणि त्या माझ्यामागं आत आल्या.

त्यानंतर रोज सकाळी बायकांच्या आधी मी प्रत्येक ओळीतून एकदा जायचे. सरावानं भीती जाते असं कुणीतरी म्हणतं, ते खोटं आहे. रोज तेवढीच वाटायची. झोपेतही मी ओळीतून चालत असायचे. जनावर मात्र एकदाही दिसलं नाही, आणि न दिसल्यानं माझी भीती आणखीच वाढत होती. आहे तर नक्की, पण कुठं आहे?

अशात मॅडमचा फोन आला. जिल्ह्यावरून साहेब येणार होते. सटाण्याकडचे काही शेतकरीही प्रयोग बघायला येणार होते. मी रात्री नानांना जेवायला वाढताना सांगितलं, "उद्या पाव्हणे येणारेत बाग बघायला."

"किती?"

"एक गाडीभर असतील."

त्यांनी मान हलवली.

सकाळी मी पोह्यांचे कांदे चिरत होते. दाराशी नाना आले. नेहमी ते दाराशी खाकरतात, म्हणजे मी पदर सावरावा. त्या दिवशी खाकरले नाहीत. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं होतं. चेहरा अगदी साधा होता.

"बाई," ते म्हणाले, "पान लागलं."

आमच्याकडं जनावर चावलं असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. मला शब्द कळला आणि कांदे तसेच टाकून मी त्यांचा हात बघितला. अंगठ्याच्या मुळाशी दोन टिपके होते आणि रक्त येत होतं, थोडंसंच, पण थांबत नव्हतं.

"कुठं?"

"रस्त्याकडच्या तोंडाला. पाव्हणे येणार, म्हटलं निदान तोंड तरी साफ दिसावं. विळ्यानं कापत होतो." आणि मग, जणू हेच महत्त्वाचं होतं, "थोडंच कापलंय. तुझ्या प्रयोगाला धक्का नाय लागायचा."

मी ओरडले का नाही ते आठवत नाही. पलीकडच्या मळ्यातले काका धावत आले, म्हणजे ओरडले असणार. त्यांची पिकअप होती. हात हलवू द्यायचा नाही, चालवायचं नाही, एवढं मला ठाऊक होतं. नानांना आम्ही उचलून गाडीत बसवलं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात माझ्या मांडीवर धरला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी त्यांच्या पायाला तेवढा हात लावला होता. तो हात माझ्या डोळ्यांदेखत सुजत होता. बोटं जाड झाली, मग मनगट. हायवेला ट्रकांची रांग होती आणि काका हॉर्नवरचा हात काढत नव्हते.

"कसलं होतं, नाना?"

"बघितलं नाय. आवाज आला. कुकरच्या शिट्टीसारखा."

काकांनी आरशातून माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. असा आवाज कुठलं जनावर करतं ते दोघांनाही माहीत होतं. घोणस. घ्या, घेतलं मी नाव.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी वेळ लावला नाही. त्यांनी नानांच्या दुसऱ्या हातातून रक्त काढलं, एका काचेच्या नळीत घातलं आणि ती नळी टेबलावर उभी करून ठेवली. "हिला कुणी हात लावायचा नाही," ते म्हणाले. "वीस मिनिटांनी बघू. रक्त गोठलं तर ठीक. पातळच राहिलं तर विष भिनलंय." आणि ते सुईची तयारी करायला गेले.

मी त्या नळीकडं बघत उभी राहिले. देवाचं नाव घ्यावं असंही सुचेना. मी तिला मनात म्हणत होते, गोठ. बाई, गोठ. मला वाटलं कडेला थोडं घट्ट दिसतंय. मग वाटलं नाही. कुणी दार लोटलं की टेबल हलेल म्हणून मी दारापाशी जाऊन उभी राहिले, मग तिथून नळी दिसेना म्हणून परत आले. इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती. तेव्हा निदान ओरडता येत होतं.

नाना पलंगावरून म्हणाले, "साहेब आले का?"

"नाना, बोलू नका."

"कापलेलं गवत तिथंच पडलंय. कुणाला तरी सांग उचलायला. दिसायला बरं नाय."

तेवढ्यात फोन वाजला. मॅडम होत्या. "आम्ही तुमच्या मळ्यावर आलोय. तुम्ही कुठं आहात?" मी फोन काकांच्या हातात दिला.

डॉक्टर आले. त्यांनी नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखं एका बाजूला वाहिलं.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. बाटल्या लागत होत्या. नानांच्या हिरड्यांतून रक्त आलं आणि मी ते माझ्या पदरानं पुसलं. हात खांद्यापर्यंत सुजून काळानिळा झाला. मालक अंबडहून आले, बापाच्या पायथ्याशी बसले आणि मला म्हणाले, "काढून टाक ते सगळं. सरकारचं पाव्हणं घरात कशाला?" मी मान हलवली. मॅडम दवाखान्यात आल्या तेव्हा मी त्यांनाही सांगितलं, मला नको हे. रागानं सांगितलं, खरंतर त्यांच्यावर राग काढण्यासारखं काही नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, तुम्हाला कुणी दोष देणार नाही. मी वर कळवते." त्यांचे डोळे भरले होते. काही दिवसांनी डॉक्टरांनी पुन्हा नळीत रक्त घेतलं आणि या वेळी ते नळी उलटी केल्यावरही जागचं हललं नाही. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसले आणि मोठ्यानं रडले. रांगेतल्या लोकांना वाटलं, माझं माणूस गेलं.

नाना घरी आले. उजव्या हाताच्या बोटांची मूठ वळत नव्हती. बागेत तोवर घड दिसायला लागले होते आणि दुसऱ्या दिवशी बायका डिपिंगला यायच्या होत्या. डिपिंग म्हणजे कोवळा घड मगातल्या औषधात बुडवायचा. प्रत्येक वेलीशी थांबावं लागतं, आणि सगळं लक्ष वर घडाकडं असतं, खाली पायाकडं नाही. त्यांच्या आधी मला सगळं गवत जमीनदोस्त करून हवं होतं. मी गवत कापायच्या मशीनवाल्याला बोलावलं. तो आला, त्यानं पट्टा खांद्यावर टाकला आणि मशीन सुरू केलं. पहिल्या ओळीतलं गवत उडायला लागलं.

नाना पडवीतून उठून आले. धिमे धिमे बांधापर्यंत आले आणि डावा हात वर केला. मशीनवाल्यानं मशीन बंद केलं.

"कशापायी कापतेस?" त्यांनी मला विचारलं. नाना मला सरळ असं कधी विचारत नाहीत.

"मला भीती वाटते, नाना. बायकांना काही झालं तर. तुम्हाला पुन्हा काही झालं तर. मला नाही सहन होत. मला लय भीती वाटते." मी त्यांच्यासमोर एवढं बोलले आणि मग मलाच लाज वाटली.

ते बांधावर बसले. सुजलेला हात मांडीवर ठेवला. मशीनवाला थोडा लांब जाऊन तंबाखू मळायला लागला.

"तुला काय वाटतं," नाना म्हणाले, "माझ्या स्वच्छ बागेत जनावर नव्हतं?"

मीही बांधावर टेकले, थोडी लांब.

"लय वेळा बघितलंय मी. तुझी सासू डिपिंग करत होती, तिच्यापासून दोन वेली सोडून. उंदीर आला की त्ये येतं. गवत असो, नसो. कधी घरात बोललो नाय. बोललो असतो तर तिनं पाय टाकला नसता, बायकाबी आल्या नसत्या, अन् बाग बसली असती." त्यांनी बोटं वळवायचा प्रयत्न केला. वळली नाहीत. "म्हणून मी उजाडायच्या आधी उठायचो अन् काठी आपटत सगळ्या ओळी फिरायचो. आवाजानं जातं त्ये. तुझी सासू म्हणायची, म्हाताऱ्याला झोप नाय."

"अजूनही?"

"यंदाबी. तू ते बूट घालून निघायचीस, त्याच्या आधी माझी चक्कर झालेली असायची. पाव्हणे यायच्या दिवशी घाई झाली. काठीच्या जाग्यावर विळा घेतला." त्यांनी कापलेल्या ओळीकडं बघितलं. "तुला वाटतं तेवढीच भीती मला वाटती, बाई. पयल्यापासून वाटती. पण माती तर वाहून जाती ना."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. चाळीस वर्षं या माणसानं ही भीती एकट्यानं बाळगली होती. एकाच घरात, एकाच बागेत, एकाच जनावराला आम्ही दोघं घाबरत होतो, आणि पदर आणि खाकरणं यांच्या आड एकमेकांना कधी सांगितलं नाही. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं.

मी मशीनवाल्याला त्याची खेप वाया गेली म्हणून चहा दिला आणि परत पाठवलं. मग मॅडमना फोन केला. वर कळवलं असेल तर पुन्हा कळवा, म्हटलं, बाग आहे तशीच आहे, फक्त एक ओळ कापली गेलीय. त्या म्हणाल्या, "नक्की ना, ताई?" मी म्हटलं, नक्की कशाचंच नाही.

दुसऱ्या दिवशी बायका यायच्या आधी आम्ही दोघं बागेत शिरलो. नानांच्या डाव्या हातात काठी होती आणि डाव्या हातानं ती नीट आपटत नव्हती. मी त्यांच्या शेजारच्या ओळीत होते, माझी काठी घेऊन. मधे वेलींची एक रांग. ओळीच्या मध्यावर गवतात काहीतरी सळसळलं आणि दोघंही जागीच थांबलो. मला माझा श्वास ऐकू येत होता, आणि वेलींच्या पलीकडून त्यांचा.

"हाईस ना?" ते म्हणाले.

"आहे," मी म्हटलं.

मग आम्ही काठ्या आपटत पुढं निघालो.